लॅपटॉपच्या अडॅप्टरची कुळकथा

श्रोतेहो, घरातला विजेचा दिवा गेला तर आपण काय करतो? गावातल्या दुकानातून नवा आणतो आणि होल्डरमध्ये बसवितो. दिवा एका कंपनीचा आणि होल्डर दुसऱ्या कंपनीचा, म्हणून काही अडत नाही. सायकलची ट्यूब, नळाची तोटी, टॉर्चचे सेल यांचेही असेच. माप सांगितले की दुकानदार जिन्नस काढून देतो. पण शाळेतल्या लॅपटॉपचा चार्जर जळाला, की गुरुजींना तालुक्याच्या गावी खेप घालावी लागते. तेथे दुकानदार आधी विचारणार, "कंपनी कोणती? मॉडेल कोणते? पिन जाड की बारीक?" आणि एवढे सगळे सांगूनही पुष्कळदा उत्तर मिळते, "हे आता येत नाही." मग हजारो रुपयांचे यंत्र एका डबीवाचून कपाटात पडून राहते.

त्या डबीची, म्हणजे अडॅप्टरची, कुळकथा आज सांगावयाची आहे. कंपन्या तिची रचना आणि तिचे तोंड वारंवार का बदलतात? कोणी म्हणतात, ही सारी कंपन्यांची लबाडी. कोणी म्हणतात, विज्ञान पुढे जाणार आणि जुने मागे पडणार, त्याला कोण काय करील? दोन्ही म्हणण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. पण धान्यातले खडे निवडावे तसे हे बदल एकेक करून निवडले पाहिजेत. कोणता बदल यंत्राच्या गरजेने झाला आणि कोणता दुकानाच्या सोयीने, हे कळले म्हणजे आपण कोठे मुकाट्याने मान तुकवावी आणि कोठे हक्काने बोलावे, तेही कळेल.

प्रथम ही डबी काम काय करते ते पाहू. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. तिला आपण एसी म्हणतो. लॅपटॉपला ही वीज जशीच्या तशी चालत नाही. त्याला लागते एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज, आणि तीही पुष्कळ कमी दाबाची. तेव्हा दाब उतरविणे आणि दिशा एक करणे ही अडॅप्टरची दोन कामे. व्होल्ट, अँपिअर, वॅट हे शब्द त्याच्या पाठीवर छापलेले असतात. शिक्षकांनी वर्गात पाण्याचा दाखला द्यावा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब; तो व्होल्ट. पाइपातून पाणी किती वाहते तो अँपिअर. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट, म्हणजेच मिळणारी एकूण शक्ती. २० व्होल्ट आणि सव्वातीन अँपिअर यांचा गुणाकार होतो ६५ वॅट. बहुतेक साध्या लॅपटॉपांना एवढी शक्ती पुरते.

आता इतिहासाकडे वळू. पहिल्यावहिल्या 'उचलून नेण्याच्या' संगणकांना असा वेगळा अडॅप्टर नव्हताच. १९८१ साली ऑस्बोर्न-१ नावाचे यंत्र अमेरिकेत बाजारात आले. त्याचे वजन ११ किलोच्या आसपास होते. उचलून नेण्याचे खरे, पण हमालाने! वीज उतरविण्याची सारी यंत्रणा त्याच्या पोटातच होती आणि वायर सरळ भिंतीत जाई. हे यंत्र काढणाऱ्या ॲडम ऑस्बोर्नचे बालपण तमिळनाडूत गेले आणि त्याचा शेवटही २००३ साली कोडाईकनाल येथे झाला, एवढे जाता जाता सांगतो.

१९८३ साली टीआरएस-८० मॉडेल १०० हे त्याहून पुष्कळ हलके यंत्र निघाले. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना ते फार आवडे. कारण काय, तर ते टॉर्चला किंवा घड्याळाला घालतो तसल्या चार पेन्सिल सेलांवर चाले. सेल कोणत्याही दुकानात मिळत. पाहा, म्हणजे आरंभी ही अडचण नव्हतीच. मग ती आली कोठून?

ती आली बॅटरीच्या वाटेने. संगणकाचा पडदा मोठा झाला, रंगीत झाला, आतली गणिते वेगाने होऊ लागली, तशी त्याची भूक वाढली. पेन्सिल सेल पुरेनात. पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी यंत्रातच बसवावी लागली आणि ती भरण्यासाठी बाहेर अडॅप्टर आला. उष्णता आणि वजन यंत्राच्या पोटातून काढून वायरीवर टांगले, असे म्हणा ना.

१९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली आणि काही वर्षांतच लॅपटॉपांनी ती उचलली. या बॅटरीच्या एका सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरताना तो ४.२ व्होल्टांपर्यंत चढतो. चार सेल एकापुढे एक जोडले की १६.८ व्होल्ट झाले. आता पाणी उंचावरून सखलाकडेच वाहते, हे कोणा शेतकऱ्याला सांगावयास नको. टाकी भरायची तर भरणाऱ्या नळाला टाकीपेक्षा जास्त दाब हवा. म्हणून चार सेलांची बॅटरी भरणारा अडॅप्टर १९ किंवा २० व्होल्टांचा असतो. हे आकडे कोणाच्या लहरीने आलेले नाहीत. ते बॅटरीच्या रसायनातून आले आहेत.

याच प्रकारचा दुसरा दाखला थिंकपॅड या लॅपटॉपाचा. हा मूळचा आयबीएम कंपनीचा. २००५ साली त्या कंपनीचा संगणकांचा धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीने घेतला. तोपर्यंत थिंकपॅडचा मोठा अडॅप्टर १६ व्होल्ट आणि साडेचार अँपिअरचा असे, म्हणजे ७२ वॅटांचा. पुढच्या यंत्रांना एवढी शक्ती अपुरी पडू लागली. अँपिअर वाढवावे तर वायर जाड करावी लागते आणि जोडाच्या जागी उष्णता वाढते. म्हणून साडेचार अँपिअर तसेच ठेवून दाब १६ वरून २० व्होल्टांवर नेला. लगेच ९० वॅट मिळाले. हा बदल २००५-०६ च्या सुमाराचा. त्याबरोबर तोंडही बदलले. जुने लोक चिडले, पण येथे तोंड बदलले तेच बरे झाले. तोंड तेच राहिले असते तर कोणी तरी २० व्होल्टांचा अडॅप्टर १६ व्होल्टांच्या यंत्रात घातला असता आणि यंत्र गमावले असते. तेव्हा काही वेळा न बसणारे तोंड हे रखवालदाराचे काम करते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरे कारण जाडीचे. लॅपटॉप जसजसे पातळ होत गेले, तसतसे गोल जाड पिनेला बाजूने शिरण्यास जागाच उरेना. जेमतेम बोटभर जाडीच्या यंत्राला आठ मिलिमीटरचे भोक पाडायचे कोठे? म्हणून २०१३ च्या सुमारास थिंकपॅडची गोल पिन जाऊन चपटी, चौकोनी पिन आली. इतर कंपन्यांनीही जाड पिनेच्या जागी बारीक पिन घेतली. आता प्रश्न असा, की पातळपणा ही यंत्राची गरज की बाजाराची हौस? खांद्याला पिशवी अडकवून रोज दहा मैल जाणाऱ्याला वजन कमी झालेले हवेच असते. पण वर्गातल्या टेबलावर ठेवलेले यंत्र दोन मिलिमीटरने जाड असते तर कोणाचेच काही बिघडले नसते. म्हणजे येथे गरज आणि हौस यांची सरमिसळ आहे.

चौथे कारण संशयाचे! ऐकून गंमत वाटेल. एकाच कंपनीचे ६५, ९० आणि १३० वॅटांचे अडॅप्टर एकाच भोकात बसू लागले, की भुकेल्या यंत्राला दुबळा अडॅप्टर लागण्याची भीती उत्पन्न होते. बैलाच्या ताकदीबाहेर गाडी भरली तर जे होते, तेच अडॅप्टरचे होते. यावर डेल कंपनीने असा उपाय केला की पिनेच्या मधोमध एक सुईसारखी बारीक तार ठेवली आणि अडॅप्टरमध्ये एक इवलीशी चिप बसविली. यंत्र त्या तारेतून विचारते, "तू कोण? किती वॅटांचा?" चिप उत्तर देते. उत्तर पटले तर ठीक. नाही पटले तर यंत्र बॅटरी भरत नाही आणि आपली चालही मंद करते. यात सुरक्षितता आहे, हे खरे. पण ती सुई वाकली किंवा आतली तार तुटली, की चांगला धडधाकट अडॅप्टरही परका ठरतो. शिवाय बाहेरच्या कारागिराने केलेला स्वस्त अडॅप्टर दाराशीच अडतो. एका कुलपाने चोरही अडला आणि शेजारीही अडला, अशातली गत.

लोहचुंबकाची कथा तर सर्वांत बोलकी आहे. जमिनीवरून गेलेल्या वायरीत पाय अडकून लॅपटॉप खाली आपटणे हा प्रकार शाळेत काय, घरात काय, नेहमीचा. जपानात विजेवरच्या किटल्यांना पूर्वीपासूनच लोहचुंबकाने चिकटणारे तोंड असे. वायरीला झटका बसला की ते सुटे होई आणि उकळते पाणी कोणाच्या अंगावर सांडत नसे. तीच युक्ती ॲपल कंपनीने जानेवारी २००६ मध्ये आपल्या लॅपटॉपांना लावली आणि तिला मॅगसेफ असे नाव दिले. वायर ओढली गेली तर ती सुटून पडे आणि यंत्र टेबलावरच राही. लोकांना ही सोय मनापासून आवडली. हा बदल माणसाच्या सोयीचा होता, यात शंका नाही.

पण पुढे काय झाले ते ऐका. डिसेंबर २००७ मध्ये कंपनीला या जोडणीचे अमेरिकन पेटंट मिळाले आणि ती दुसऱ्या कोणाला करू देण्यास कंपनी राजी नव्हती. एका लहान कंपनीने ही तोंडे वापरून बाहेरून लावण्याच्या बॅटऱ्या विकल्या, तेव्हा तिच्यावर २०१० साली दावा लावण्यात आला. तोंडापाशी वायर चिरते, अशा तक्रारी अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०११ मध्ये तडजोड झाली. २०१२ साली यंत्र पातळ झाले म्हणून मॅगसेफ-२ आले. जुना अडॅप्टर नव्या यंत्राला लावायचा तर मध्ये एक चिमुकला तुकडा दहा डॉलरांना वेगळा विकत घ्यावा लागे. २०१५ पासून कंपनीने नव्या यंत्रांतून हे लोहचुंबक काढण्यास आरंभ केला. २०२१ मध्ये मॅगसेफ-३ या नावाने ते पुन्हा परत आणले. पंधरा वर्षांत एकाच कल्पनेची तीन तोंडे झाली, आणि तिन्ही एकमेकांत न बसणारी! या कथेत गरज, सोय, हौस आणि व्यापार असे चारही धागे एकत्र विणलेले दिसतात. एकच धागा ओढून 'हेच कारण' असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

डबीच्या आतही बदल होत गेले, ते बाहेरून दिसत नाहीत म्हणून सांगतो. जुन्या काळच्या अडॅप्टरमध्ये लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असे. आपल्या वेशीवरच्या डीपीचे लहान भावंडच म्हणा. तो जड असे, तापे, आणि यंत्र लावलेले नसतानाही थोडी थोडी वीज खात बसे. त्याच्या जागी अशी मांडणी आली, की जी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून दाब उतरविते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आगपेटीएवढा झाला. आणखी एक मोठा फायदा असा की अशी डबी १०० पासून २४० व्होल्टांपर्यंत कोणताही दाब चालवून घेते. खेड्यात संध्याकाळी वीज १७०-१८० व्होल्टांवर उतरते, विहिरीवरची मोटार घुमू लागते, पण लॅपटॉपचा चार्जर मात्र तक्रार करीत नाही. त्याचे कारण हे.

पुढे सरकारेही यात उतरली. घरोघरी भिंतीत अडकवून ठेवलेल्या डब्या बसल्या जागी वीज खातात, ही गोष्ट ध्यानात आल्यावर अमेरिकेत २००७ साली कायदा झाला आणि १ जुलै २००८ पासून तो अडॅप्टरांना लागू झाला. २०१६ पासून तो अधिक कडक झाला: ४९ वॅटांपर्यंतच्या बहुतेक डब्यांनी रिकाम्या बसून एक दशांश वॅटाहून जास्त वीज खाऊ नये. जगभर माल विकणाऱ्या कंपनीला अशा नियमासाठी डबीची रचना बदलावीच लागते. हा बदल कंपनीने आपण होऊन केला नाही, तिच्याकडून करवून घेतला गेला. आणि तो आपल्या सर्वांच्या हिताचा झाला.

दोष निघाल्यामुळेही रचना बदलते. २०१४ साली एचपी कंपनीला अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ६० लाख वायरी परत मागवाव्या लागल्या, कारण त्या तापून वितळण्याचा व आग लागण्याचा धोका होता. विजेच्या वस्तूत कंजुषी किंवा हयगय झाली की तिची किंमत अशी मोजावी लागते.

आता एक मौजेची गोष्ट. पुष्कळ अडॅप्टरांना दोन वायरी असतात. एक भिंतीकडे जाणारी आणि दुसरी यंत्राकडे जाणारी. भिंतीकडची वायर डबीतून काढून पाहा. तिचे तोंड एक तर तीन पाकळ्यांचे किंवा इंग्रजी आठ आकड्यासारखे असते, आणि बहुतेक कंपन्यांच्या डब्यांना ते एकसारखे बसते. कारण जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने या तोंडांचे प्रमाण ठरवून दिले आणि सगळ्यांनी ते मानले. म्हणजे एकाच डबीच्या एका बाजूला सारे जग एकमताने वागते आणि दुसऱ्या बाजूला ज्याचे त्याचे राज्य! तेव्हा एकी होऊ शकत नव्हती असे नाही. ती करण्याची कोणाला निकड नव्हती. याच आयोगाने २०१४ साली लॅपटॉपच्या बाजूसाठीही सामाईक अडॅप्टरचा एक मसुदा प्रसिद्ध केला होता. तो मानण्याची सक्ती नव्हती, म्हणून तो कागदावरच राहिला.

निराळ्या दिशेने विचार करणारेही होते. गरीब देशांतील मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप करावा म्हणून अमेरिकेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी योजना निघाली आणि तिचा एक्सओ नावाचा लॅपटॉप २००७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागला. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट येथील धनगरवाड्यावरच्या छोट्याशा शाळेत त्याच वर्षी भारतातला त्याचा पहिला प्रयोग सुरू झाला. या यंत्राच्या विजेच्या तोंडाची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. त्याला ठराविक १९ किंवा २० व्होल्ट लागत नसत. ११ ते १८ व्होल्टांमधला कोणताही दाब चाले. म्हणजे जीपची १२ व्होल्टांची बॅटरी किंवा छपरावरचा सौर पत्रा, जे हाताशी असेल त्यावर त्याचे पोट भरावे. वायर चुकून उलटी जोडली किंवा दाब ४० व्होल्टांपर्यंत गेला तरी यंत्र जळू नये, अशीही तजवीज होती. शक्ती मात्र पंधरा-सतरा वॅटांच्या आतच लागे. ती योजना पुढे फार वाढली नाही, हे खरे. परंतु तिने एक गोष्ट सिद्ध करून ठेवली, की खेड्यातली वीज, खेड्यातली धूळ आणि खेड्यातले हात डोळ्यांपुढे ठेवून रचना केली तर तोंडही उदार करता येते.

मग सामाईक तोंड अखेर आले कसे? त्याचा रस्ता मोबाइल फोनांनी खुला केला. एके काळी प्रत्येक मोबाइलचा चार्जर निराळा होता, पाहुणे आले की "तुमची पिन जाड की बारीक?" हा प्रश्न चहाआधी विचारला जाई. चीनने २००६ साली मोबाइलच्या चार्जरचे प्रमाण ठरविले. २००९ मध्ये युरोपात मोठ्या कंपन्यांनी आपसांत करार करून एक लहान यूएसबी तोंड मान्य केले. लॅपटॉपची भूक मोठी असल्यामुळे त्या तोंडाने भागण्यासारखे नव्हते. २०१२ मध्ये यूएसबीच्या वायरीतून १०० वॅटांपर्यंत वीज देण्याचे नियम ठरले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी-सी हे नवे, उलटसुलट कसेही बसणारे तोंड जाहीर झाले.

या तोंडाची खरी करामत पिनेच्या आकारात नाही. ती आहे संभाषणात. वायर लावली की अडॅप्टर आधी अवघे ५ व्होल्ट देतो आणि आपल्याजवळ काय काय आहे ते सांगतो: पाच, नऊ, पंधरा, वीस. यंत्र म्हणते, "मला वीस दे." मगच वीस येतात. खानावळीत वाढप्याने विचारून वाढावे तसे. त्यामुळे त्याच डबीवर फोनही भरतो आणि लॅपटॉपही. १६ आणि २० व्होल्टांचा जो तंटा थिंकपॅडच्या वेळी न बसणाऱ्या तोंडाने मिटवावा लागला होता, तो आता बोलून मिटू लागला. २०२१ साली ही मर्यादा ४८ व्होल्ट आणि २४० वॅटांपर्यंत वाढविण्यात आली. त्याच सुमारास सिलिकॉनच्या जागी गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे भाग वापरात आले आणि डबी आणखी लहान झाली.

तरीही साऱ्या कंपन्या आपण होऊन एका रांगेत आल्या नाहीत. युरोपीय आयोगाच्या अंदाजाप्रमाणे फेकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा कचरा युरोपात वर्षाला सुमारे ११,००० टन होत होता. शेवटी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा संमत केला. फोन आणि तत्सम वस्तूंना यूएसबी-सी तोंड २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीचे झाले आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. ग्राहकाने चार्जर नको म्हटले तर यंत्र त्याच्याविना विकत मिळाले पाहिजे, अशीही तरतूद त्यात आहे. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सीचे भारतीय प्रमाण प्रसिद्ध केले.

म्हणून सारे प्रश्न सुटले, असे मात्र समजू नये. बाहेरून तोंड एक झाले तरी आतला कस एक नसतो. काही वायरी ६० वॅटच नेऊ शकतात, काही १०० आणि काही २४०; दिसण्यात सगळ्या सारख्याच. २०१६ च्या आरंभी गुगल कंपनीतील बेन्सन लिउंग नावाचा अभियंता बाजारातल्या अशा वायरी तपासून पाहत होता. आतल्या तारा चुकीच्या जोडलेली एक स्वस्त वायर त्याने लावली आणि त्याचा लॅपटॉप बिघडून बसला. खेळांसाठी किंवा चित्रपटाच्या कामासाठी जी फार शक्तिवान यंत्रे असतात, त्यांना २४० वॅटही पुरत नाहीत. त्यांची जुनी जाड तोंडे अजून आहेत. आणि आपल्या शाळांच्या कपाटांत जी जुनी यंत्रे आहेत, त्यांना तर हा कायदा शिवतही नाही.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना आणि घरात लॅपटॉप असणाऱ्या श्रोत्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जुन्या यंत्राचा अडॅप्टर आणताना नुसते तोंड बसते की नाही एवढेच पाहू नका. जुन्या अडॅप्टरच्या पाठीवर 'आउटपुट' म्हणून जे व्होल्ट लिहिले असतील, तेच नव्यावर हवेत. १९ आणि १९.५ असा अर्ध्या व्होल्टाचा फरक सहसा चालून जातो, त्याहून जास्त चालवू नये. अँपिअर मात्र तितके किंवा त्याहून अधिक चालतात, कमी चालत नाहीत; यंत्र लागेल तेवढेच घेते. गोल पिनेच्या चित्रात अधिक आणि उणे कोठे आहे, तेही ताडून पाहा. आणि आपल्याकडे लॅपटॉपचे अडॅप्टर मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली आलेले आहेत, तेव्हा डबीवर ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे बघूनच पैसे मोजा. शाळेसाठी नवी यंत्रे घ्यावयाची असतील तर ती यूएसबी-सीवर चार्ज होणारी असावीत, असे मागणीपत्रात स्पष्ट लिहा. एका यंत्राची डबी गेली तर दुसऱ्याची लावता येईल आणि मुलांचा तास बुडणार नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. व्होल्ट बदलले ते बहुधा बॅटरीमुळे आणि भुकेमुळे. आतली मांडणी बदलली ती विज्ञानामुळे आणि कायद्यामुळे. लोहचुंबक आले ते माणसाच्या धांदरटपणावर उपाय म्हणून. पण एकाच दाबाची, एकाच शक्तीची डबी दहा कंपन्यांनी दहा तोंडांची ठेवली, तिला मात्र यंत्राची गरज म्हणता येत नाही. तेथे दुकानाची सोय होती, आणि तिचा भुर्दंड सर्वांत जास्त पडला तो दुकानापासून सर्वांत दूर राहणाऱ्याला. शहरातला मनुष्य संध्याकाळी नवा चार्जर आणतो. वाडीवरच्या शाळेचे यंत्र त्यासाठी सहा-सहा महिने बंद राहते.

दिव्याचा होल्डर सगळीकडे सारखा असतो, म्हणून त्याचे आपल्याला काहीच वाटत नाही. पण तो सारखा राहिला तो कोणी तरी प्रमाण ठरविले, इतरांनी ते मानले आणि गिऱ्हाइकांनी तसाच मागितला म्हणून. लॅपटॉपच्या बाबतीत हे घडून यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. पुढे नवी यंत्रे येतील, त्यांच्या नव्या भुका येतील आणि तोंडे पुन्हा बदलतील. त्या वेळी आपण एवढेच विचारावे, की बाबांनो, हा बदल यंत्रासाठी की विक्रीसाठी? हा प्रश्न विचारण्यास इंजिनिअर असावे लागत नाही. अडॅप्टरच्या पाठीवरची चार अक्षरे वाचता येणारा सातवीतला मुलगाही तो विचारू शकतो, आणि तो त्याला विचारता यावा, हे शिकविणे आपल्या हाती आहे.